खांबापासून घराकडे

नऊ वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या चिन्हावर लाल फुली आली. साडेनऊला अक्काशी बोलायचं ठरलं होतं. साडेदहाला अक्काला ऑपरेशनसाठी आत नेणार होते.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. फुली तशीच.

"गेलं," ते म्हणाले.

"काय गेलं?" काकूंनी आतून विचारलं.

"कनेक्शन."

"आजचाच मुहूर्त साधला का त्यानं?"

काकांना टोमणा कळला.

काका म्हणजे लाइनमनकाका. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून सगळे त्यांना लाइनमनच म्हणतात. चौतीस वर्षं ते टेलिफोनच्या खांबांवर चढले. आसपासच्या चार गल्ल्यांत असं घर नाही ज्याच्या भिंतीत त्यांनी तार घातली नाही. कुणाच्या घरी पहिली घंटा कधी वाजली, कुणी फोनवर रडायचं, कुणी नुसतंच धरून बसायचं, हे त्यांना माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत. लाइनवर ऐकलेलं लाइनवरच सोडायचं, असं ते म्हणत.

ज्या माणसाला त्यांच्या या कामाचा काडीचा उपयोग नव्हता, ते त्यांच्या घरातच होतं. त्यांची थोरली बहीण. अक्काला जन्मापासून ऐकू येत नाही. ती बोलत नाही. शाळेत कुणी घातली नाही, त्यामुळे वाचताही येत नाही. घरात फोन आला तेव्हा ती घंटेवर तळहात ठेवायची आणि हाताला थरथर लागली की काकांना बोलावून आणायची. फोनचा तिला मिळालेला वाटा तेवढाच.

अक्काची भाषा हातांची. तीही शाळेतली शिकवलेली नव्हे. दोघांनी लहानपणी अंगणात बसून ती बनवली होती. एकावर एक मुठी चढवल्या की काका, कारण ते खांबावर चढायचे. कानाची पाळी ओढली की पुतण्या. दोन्ही हात कमरेवर ठेवून मान वाकडी केली की काकू. काकूंना ही खूण मुळीच आवडत नसे. जगात ही भाषा पूर्ण येणारी माणसं दोन. बाकीच्यांना जेव, झोप, चल एवढं येई.

त्यामुळे अक्काच्या आयुष्यातली प्रत्येक वाईट बातमी काकांच्या हातांनी तिला कळली. आई गेली तेव्हा काका अकरा वर्षांचे होते. वडील म्हणाले, "तू सांग तिला." तिला बघायला आलेल्यांनी नकार कळवला, तेव्हाही तेच. मधला भाऊ अपघातात गेला, तेव्हा काका दारातून आत आले आणि अक्कानं त्यांचा चेहरा पाहून त्यांची दोन्ही मनगटं घट्ट धरली. सोडेचना. मनगटं धरली की काकांना बोलता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

चौदा महिन्यांपूर्वी काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काकूंना एकटीला दोघांचं होईना. मधल्या भावाचा मुलगा म्हणाला, आत्याला सहा महिने माझ्याकडे पाठवा. अक्का दूरच्या शहरात गेली. जाताना पुतण्यानं आपला जुना, वहीएवढा लॅपटॉप काकांना दिला. त्यावर रोज संध्याकाळी अक्का दिसू लागली. पहिल्या दिवशी तिनं पडद्यावर काकांना नीट न्याहाळलं आणि सदऱ्याची कॉलर मळली आहे म्हणून झापलं. चौतीस वर्षांत काकांनी हजारो लोकांना एकमेकांशी जोडलं, पण बहिणीशी लांबून बोलण्याची त्यांची ती पहिली वेळ. सहा महिन्यांचे चौदा झाले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं आणि कुणी बोललं नाही.

मग अक्काच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. साखर होतीच. जखम काळी पडली आणि वर सरकू लागली. चार दिवसांपूर्वी पुतण्याचा फोन आला. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. डॉक्टर म्हणत होत्या, बाईंचं डोकं शाबूत आहे, त्यांना नीट समजावून सांगा, त्यांनी स्वतः होकार दिल्याशिवाय मी हात लावणार नाही.

"मी सांगतो," काका म्हणाले होते. "दुसऱ्या कुणी तिला काही सांगायचं नाही. भलतंच समजेल ती."

त्या संध्याकाळी अक्कानं पडद्यावर पाय वर करून पट्टी दाखवली. काका कबुतरांविषयी बोलले. दुसऱ्या संध्याकाळी तिनं सांगितलं, ही जखम बरी झाली की मी माझ्या पायांनी चालत घरी येणार. काकांनी मान हलवली. तिसऱ्या संध्याकाळी काकू मागे उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, सांगा ना!" ते म्हणाले, "आज ती दमलीय." चौथ्या संध्याकाळी ते काही बोललेच नाहीत. अक्काच बोलत राहिली.

आता आजची सकाळ उरली होती.

काकांनी भिंतीवरचा वायफायचा डबा बंद केला. वीस आकडे मोजले. चालू केला. तिन्ही दिवे हिरवे लागले. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. त्याला जागं व्हायला सात मिनिटं लागत. ती सात मिनिटं काका पडद्यासमोर ताठ बसून होते. पडदा आला. फुली होतीच. त्यांनी वायफायची यादी उघडली. एरवी तिथं आपलं नाव दिसे, वरच्या मजल्याचं दिसे, समोरच्या दवाखान्याचं दिसे. आज यादी रिकामी होती. एकही नाव नाही.

"डबा तर हिरवा आहे," काकू म्हणाल्या.

"दिव्याचं काय घेऊन बसलीस? दिवा लागला म्हणजे लाइन चालू असं नसतं."

"मग तक्रार करा."

केली. बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, चोवीस तासांत दखल घेतली जाईल. काकांनी बटणांचा साधा फोन टेबलावर आपटला. "आमच्या वेळी निदान शिव्या खायला तरी माणूस असायचा!"

फोन आपटला तसाच वाजला. पुतण्या होता.

"काका, कुठे आहात? आत्या कधीची फोनकडे बघत बसलीय."

"लाइन गेलीय रे. करतो. दहा मिनिटं."

"डॉक्टर म्हणतायत सव्वादहापर्यंत थांबते. त्यापुढे जमायचं नाही. आजचं चुकलं तर पुढचा दिवस कधी मिळेल ते सांगता येत नाही. आणि जखम आता घोट्याच्या वर गेलीय."

"करतो म्हटलं ना!"

"काकांना विचारा, आमच्यापैकी कुणी सांगू का?" मागून पुतण्याच्या बायकोचा आवाज आला.

"नको," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

काकूंनी हात पुसले. "खाली मशीनताईकडे जा. तिच्याकडे मोठा फोन आहे. त्यावर माणसं दिसतात."

मशीनताई म्हणजे तळमजल्यावर शिलाईचं दुकान चालवणारी बाई. तिचं मशीन सकाळी सुरू झालं की थेट जेवायला थांबे, म्हणून ते नाव.

"घरातली गोष्ट गिऱ्हाइकांपुढे करू?" काका म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे. पक्कड कुठंय?"

"अहो, नऊ चाळीस झाले."

"पक्कड कुठंय?"

काकांना काम शिकवलेल्या म्हाताऱ्या मुकादमाचा एक नियम होता आणि काकांनी तो चौतीस वर्षं पाळला. बिघाड शोधायचा तो खांबापासून घराकडे. आधी बाहेर, मग भिंत, आणि यंत्राला हात सगळ्यात शेवटी. कारण दहातले नऊ बिघाड बाहेरच्या सांध्यात असतात. जो पोरगा आधी फोन उघडून बसे, त्याला मुकादम खांबाखाली उभा करून तासभर वर बघायला लावी. काकांनीही पुढे कित्येकांना तसंच उभं केलं. नियमानं त्यांना कधी दगा दिला नव्हता.

ते काठी टेकत जिन्यात गेले. जिन्याच्या खिडकीबाहेर खांब होता. खांबावरून येणारी काळी, बारीक तार खिडकीच्या चौकटीतून आत येऊन त्यांच्या दारावरच्या पेटीत शिरत होती. ही नवी तार टाकली गेली तेव्हा काका दवाखान्यात होते. कुणी टाकली, कशी टाकली, त्यांनी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. चौकटीत तार दबली होती. खिडकीचं दार रोज तिच्यावर बसत होतं.

"हे बघ," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सकाळपासून पहिल्यांदा जीव आला. "कुणी गाढवानं टाकलीय! इथं चेपलीय. आतून तुटली असणार. सांधा मारला की झालं."

काकूंनी स्टूल धरलं. डॉक्टरांनी काकांना स्टुलावर चढायला बंदी केली होती, हे दोघांनाही आठवत होतं. काका चढले. उंचावर गेल्यावर त्यांचे हात एकदम तरुण झाले. पक्कड चालली. चेपल्या जागेवर तार खटकन तुटली. त्यांनी टोक दातांनी सोलायला घेतलं, तोंडात प्लास्टिकची चव आली, पांढरे दोरे निघाले. आत तांबं नव्हतं.

त्यांनी टोक उजेडात धरलं. दोऱ्यांच्या मधोमध केसाएवढी एक काडी होती, पारदर्शक. बोटानं वाकवली. ती मोडली. आवाजही झाला नाही.

काचेच्या तारेबद्दल त्यांनी ऐकलं होतं. निवृत्तीच्या वर्षी खात्यात कुणीतरी भाषण केलं होतं. तिला सांधायला वेगळं यंत्र लागतं, पक्कड नव्हे, एवढं त्यांच्या लक्षात होतं.

उघड्या दारातून घरातला डबा दिसत होता. तीन हिरव्या दिव्यांतला एक लाल झाला होता आणि उघडझाप करत होता.

म्हणजे आतापर्यंत लाइन चालू होती. त्यांनीच तोडली.

काका स्टुलावर उभेच राहिले. काकूंनी वर बघितलं. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना काय झालं ते विचारावं लागलं नाही. चाळीस वर्षांचा संसार होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला तिला सांगायचंच नाहीये."

"मी काय मुद्दाम तोडली?"

"मुद्दाम नाही. पण खाली ताईकडे जायला सांगितलं तर खांबावर चढलात."

काका उतरले. उतरताना खुब्यातून कळ आली. ती त्यांनी दाखवली नाही.

स्टुलाच्या आवाजानं खालचं मशीन थांबलं होतं. मशीनताई गळ्यात टेप घेऊन वर आली. "काय काका, या वयात सर्कस?" असं म्हणत आली आणि दोघांची तोंडं बघून पायरीवरच थांबली. काकूंनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. घरातली गोष्ट.

दहाला पाच कमी होते.

"माझ्या फोनवरून व्हिडिओ लावला असता," ताई म्हणाली, "पण याचा पुढचा कॅमेरा फुटलाय. धुक्यात उभा असल्यासारखा माणूस दिसतो. बोटं दिसायची नाहीत. थांबा. माझ्या फोनचं नेट तुमच्या लॅपटॉपला देते. यादीत माझं नाव येईल, त्यावर दाबा."

तिनं फोन लॅपटॉपला खेटून ठेवला. काकांनी यादी उघडली. रिकामी.

"येईल," ताई म्हणाली. तिनं बंद करून पुन्हा चालू केलं. रिकामी.

"अहो काका, फोन वीतभरावर आहे. मध्ये तार नाही, भिंत नाही, काही नाही. माझा फोन दिसत नाही, दवाखान्याचं दिसत नाही. सगळ्यांचं एकदम कसं जाईल? तुमच्या या डबड्यालाच दिसायचं बंद झालंय."

काकांनी रिकामी यादी पुन्हा पाहिली. इतकं सोपं होतं. एका गल्लीतले सगळे फोन एकदम मुके झाले असं कुणी सांगितलं, तर ते आधी विचारत, अरे, तुझ्या कानाला काय झालंय ते बघ. आज त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

त्यांनी लॅपटॉप उचलला. मागे फिरवला, उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवत नेलं, आंधळा माणूस फिरवतो तसं. पुढच्या कडेला, पोटाच्या बाजूला, नखाएवढा एक खटका होता. त्याच्या शेजारी एक दिवा, तांबूस. इतक्या महिन्यांत तो खटका त्यांनी पाहिला नव्हता. सकाळी हात नीट दिसावेत म्हणून त्यांनी टेबल खिडकीशी ओढलं होतं आणि लॅपटॉप पोटाला टेकवून पुढे सरकवला होता. सदऱ्याच्या बटणानं खटका सरकला असणार.

नखानं ढकलला. दिवा निळा झाला. यादीत भराभर नावं आली. वरचा मजला, दवाखाना, ताईचा फोन.

"हात्तिच्या!" ताई म्हणाली. मग तिला ते बोलल्याचं वाईट वाटलं.

दहा वाजून नऊ मिनिटांनी अक्का दिसली.

ती हिरव्या गाऊनमध्ये उशीला टेकून बसली होती. पुतण्यानं फोन तिच्यासमोर धरला होता. त्याच्या एका कानात इअरफोनची दोरी दिसत होती. शेजारी नर्स होती, हातात फॉर्म. अक्कानं आधी काकांकडे रागानं पाहिलं आणि मनगटावर बोट आपटलं, किती उशीर. मग तिला त्यांच्या सदऱ्यावरची धूळ दिसली. तिनं मुठीवर मूठ चढवली आणि भुवया उंचावल्या. या वयात खांबावर? ती हसली. तोंडात दात नव्हते, काढून ठेवायला लावले होते. हसताना तिनं हात तोंडावर धरला.

"काका, सहा मिनिटं आहेत," पुतण्या म्हणाला.

काकांनी हात उचलले. चार दिवस ते एकाच गोष्टीवर अडले होते. कापण्याच्या त्यांच्याकडे दोन खुणा होत्या. दोन बोटांची कात्री, कापडासाठी. तळव्याची करवत, लाकडासाठी. माणसासाठी एकही नव्हती.

त्यांनी अक्काच्या पायाकडे बोट केलं. काळं, ते म्हणाले. वर चढतंय. छातीपर्यंत जाईल. डॉक्टर. मग त्यांनी आपला पाय खुर्चीवर उचलून घेतला, कॅमेऱ्यात दिसेल असा, आणि गुडघ्याखाली तळहाताची कड ठेवली. फिरवली. हात बाजूला केला. नाही.

अक्काचं हसू लगेच गेलं नाही. आधी ते तसंच राहिलं. मग तिनं आपल्या पायावर तळहाताची कड ठेवली आणि काकांकडे पाहिलं.

काकांनी मान हलवली.

अक्कानं डोळे मिटून घेतले.

काकांचे हात हवेत राहिले. सांगायचं बरंच होतं. तू जगशील. नवा पाय लावतात. मी येईन, चालता येवो न येवो, येईन. पण अक्कानं डोळे मिटले की तिच्याशी बोलायला वाट नसते. काकांची मनगटं धरायला ती इथं नव्हती. तिनं एवढंच केलं.

"काका, काय झालं? काय म्हणाली?" पुतण्यानं तिच्या खांद्याला हात लावला.

"हलवू नकोस तिला," काका म्हणाले. "डोळे उघडू दे."

"त्यांना समजलंय का?" डॉक्टरांचा आवाज आला.

"समजलंय."

काकू मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. मशीनताई टेपचं टोक बोटाला गुंडाळत होती.

अक्कानं डोळे उघडले. काका भराभर बोलू लागले. जगण्याचं, नव्या पायाचं, येण्याचं. तिनं सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग तिनं त्यांच्याकडे बोट केलं, तेच बोट कपाळाला लावलं, आणि हात एका बाजूकडून डोक्यावरून दुसऱ्या बाजूला नेला, सूर्य जातो तसा. भुवया वर.

तुला माहीत होतं. किती दिवस?

एक बोट दाखवता आलं असतं. आजच कळलं, म्हणता आलं असतं. काकूंनाही वाटलं ते एकच दाखवतील.

काकांनी चार दाखवली.

अक्कानं त्या चार बोटांकडे पाहिलं. मग नर्सच्या दिशेनं हात लांब केला, अंगठा पुढे काढून. नर्सनं शाई लावली, फॉर्मवर टेकवला. तेवढा वेळ आणि त्यानंतरही अक्का छताकडे बघत होती. पुतण्यानं फोन तिच्या डोळ्यांसमोर नेला. तिनं मान वळवली.

"झालं काका. दिला अंगठा. अजून काही सांगायचंय?"

"नाही. ने तिला."

पुतण्यानं कानातली दोरी काढली आणि फोनसकट खिशात टाकली. कॉल बंद करायला विसरला. लॅपटॉपचा पडदा काळा झाला, पण आवाज येत राहिले. खाटेची चाकं. कुणीतरी म्हणालं, बाजूला व्हा. दार लोटल्याचा आवाज. मग चाकं थांबली.

"सिस्टर, एक मिनिट," पुतण्या म्हणाला. "आत्याला सांगायचं होतं, मी इथं दाराबाहेरच बसलोय म्हणून. कसं सांगू? ती बघतेय माझ्याकडे."

"अरे," काका पडद्यावर ओणवले. "अरे ऐक! दोन्ही तळवे खाली दाब. बसलोय! मग छातीवर..."

त्यांचा आवाज तिकडे खिशातल्या इअरफोनमध्ये जात होता. कुणी ऐकलं नाही.

"मला येत नाही हो," पुतण्या म्हणत होता.

काकांनी दोन्ही तळवे खाली दाबले, मग छातीवर ठेवले, मग बोट दाराकडे केलं. पुन्हा केलं. पडदा काळाच होता. चाकं पुन्हा सुरू झाली.